स्वल्प

डॉक्टर हुक्केरीबाईंनी दंडाचा पट्टा सोडला,
"स्वल्प जास्ती इदे."
एकशे शेहेचाळीसवर ब्याण्णव.
गोळी आत्ताच नको, तीन महिने बघू.
मीठ कमी करा, रोज चाला,
आणि श्वासाकडं लक्ष द्या.

स्वल्प.
मराठी शाळेत हा शब्द मला फक्त विरामाला चिकटलेला भेटला होता,
शेपटीवाला ठिपका.
मास्तर म्हणायचे, इथं जरा थांबायचं, दम घ्यायचा.
आम्ही घेत नव्हतो.
धडा एका दमात संपवून मैदानावर पळायचो.

मग एकतीस वर्षं कंडक्टरकी.
बेळगाव–निपाणी, बेळगाव–चंदगड,
शेवटी शेवटी जांबोटीवरून कणकुंबी.
सगळा श्वास शिट्टीत गेला.
पुढं सरका, मुंदे होगरी,
माणसं दोन्ही भाषांत जागची हलत नव्हती.
त्या गर्दीत, सुट्ट्या पैशांच्या भांडणात कधीतरी
हे दुखणं चढलं असणार,
तिकीट न काढता,
मागच्या दारानं.

आता पहाटे साडेपाचला अनगोळातून निघतो.
तिसऱ्या गेटाजवळ फकिराप्पा उभा असतो, कानाला मफलर.
माझा ड्रायव्हर.
एकोणीस वर्षं त्याच्या मानेकडं बघत तिकिटं फाडली,
तोंड रिटायर झाल्यावर नीट बघितलं.
डाव्या भुवईत एक व्रण आहे त्याच्या, मला ठाऊकच नव्हता.

व्हॅक्सिन डेपोच्या झाडांत धुकं असतं.
मनातल्या मनात दोन शिट्ट्या, म्हणजे भरभर:
बोलता यावं, पण गाता येऊ नये इतपत.
तीन मिनिटांनी एक शिट्टी, म्हणजे हळू,
खांदे सोडून, नाकानं आत, तोंडानं बाहेर.
आत चार, बाहेर सहा.

हे सहा मला जमेना.
एक, दोन, तीन, चार आत घेताना बरं वाटायचं,
पण बाहेर सोडताना चारलाच पोट रिकामं,
पाच-सहा नुसते हिशेबाला.
फकिराप्पा म्हणाला, कानडीत मोज की.
ओंदु, एरडु, मूरु,
नाल्कु, ऐदु, आरु.
प्रत्येक आकड्याच्या टोकाला उकार,
ओठ आपसूक गोल होतात,
बशीतल्या चहावर फुंकर घालावी तसे,
आणि वारा बारीक, लांब, सावकाश जातो.

तेव्हापासून आत मराठी, बाहेर कानडी.
"कुणाला सांगू नको," मी म्हटलं.
या गावात पाटीवरच्या अक्षरांपायी
दुकानांच्या काचा फुटलेल्या बघितल्यात आम्ही.
बाकावरची मंडळी आजही हद्दीवरच बोलत बसतात,
दोघेचौघे लालबुंद होऊन.
त्यांच्या जवळून जाताना आम्ही
दोन शिट्ट्या.

पहिल्या महिन्यात आकडा उतरला, एकशे चाळीस.
दुसऱ्यात परत चढला.
मेव्हणीच्या पोराचं लग्न होतं, कडोलीला,
लोणच्याची बरणी माझ्याच पानापुढं,
दोन रात्री जागरण, आणि चालणं बुडालं ते बुडालंच.
सुमन काही बोलली नाही.
मिठाचा डबा तेवढा वरच्या फळीवर गेला,
जिथं माझा हात पोचतो,
पण तिला दिसतो.

आज तिसरा महिना.
पाच मिनिटं नुसतं बसवलंय, पाय जमिनीवर,
पाठ खुर्चीला, बोलायचं नाही.
बाईंचा फुगा फुसफुसतो,
पट्टा आवळत जातो,
शनिवारच्या बाजाराची गाडी भरत जावी तसा,
हात मुंग्यांनी भरतो,
आता एकसुद्धा माणूस मावणार नाही असं वाटतं.
मग हवा सुटते.
बाईंची नजर काट्यावर,
माझी भिंतीवरल्या कॅलेंडरवर, कुठलीच तारीख न वाचता.
काय यायचं ते येऊ दे.
गाडी हलकी होत चाललीय,
एकेक उतारू दार सोडतोय,
मी मनात ओठ गोल करून मोजतोय,
मूरु,
नाल्कु,
ऐदु,